पहारेकऱ्यावरही नजर हवी

सकाळी घराला कुलूप लावून कामावर जाणारी जोडपी असोत, की गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांची काळजी करणारी मुलं, आज सर्वांनाच सुरक्षा कॅमेऱ्याचा मोठा आधार वाटतो. दुकानातला माणूस येतो, कॅमेरा बसवतो, पडद्यावर चित्र दाखवतो आणि पैसे घेऊन निघून जातो. घरची मंडळी निर्धास्त होतात. मग एक दिवस वीज जाऊन येते आणि पडद्यावर दाराऐवजी काळा चौकोन दिसतो. अशा वेळी बऱ्याचदा कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याचा फक्त पत्ता बदललेला असतो.

पत्ता कसला?

घरातल्या मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा अशा नेटवर्कवरच्या प्रत्येक वस्तूला चार आकड्यांचा एक पत्ता असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. यालाच आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. या पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्तेच तयार होतात, ते जगाला पुरणारे नाहीत. म्हणून काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. जसा प्रत्येक इमारतीत पाच नंबरचा फ्लॅट असू शकतो, तसे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी चालतात. बाहेरच्या माणसाला त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही.

हे पत्ते वाटण्याचं काम राउटर करतो, पण ते भाड्याच्या खोलीसारखे ठरावीक मुदतीचे असतात. वीज परत आल्यावर ५० नंबर मुलाच्या लॅपटॉपला मिळाला, तर कॅमेऱ्याला ५३ मिळू शकतो. रेकॉर्डर मात्र कॅमेऱ्याला जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो.

कायमचा पत्ता द्या

उपाय सोपा आहे. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा स्वतःचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये लिहिला की राउटरचं पान उघडतं. तिथे जोडलेल्या वस्तूंची यादी पाहा. कॅमेऱ्यावर बारा अक्षर-अंकांचा मॅक अ‍ॅड्रेस छापलेला असतो, त्यावरून यादीतला कॅमेरा ओळखा. मग 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' या सोयीतून एक पत्ता त्याच्या नावे राखून ठेवा आणि कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा. रेकॉर्डरमध्येही हाच पत्ता भरा.

ही सोय नसेल, तर कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये पत्ता भरता येतो. पहिले तीन आकडे राउटरच्या पत्त्याप्रमाणेच ठेवा. शेवटचा आकडा मात्र राउटर आपोआप वाटतो त्या आकड्यांपैकी नसावा आणि दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा नसावा. एकच पत्ता दोघांना दिला गेला, तर दोन्ही वस्तू अडखळतात. गेटवेच्या जागी राउटरचा पत्ता आणि सबनेट मास्कच्या जागी साधारणपणे २५५.२५५.२५५.० भरतात. हे सगळं घरच्या वहीत लिहून ठेवा.

दार उघडं नको

खरा धोका पुढेच आहे. ऑफिसातून घर पाहता यावं म्हणून काही कारागीर राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' सुरू करून देतात. याचा अर्थ, बाहेरच्या रस्त्यावरून थेट कॅमेऱ्याकडे एक दार उघडलं जातं. त्यातच कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच राहिला, तर कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं होतं.

ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी लोकांना सावध केलं होतं. रशियातून चालणाऱ्या एका वेबसाइटवर हजारो कॅमेऱ्यांची थेट चित्रं दिसत होती. त्यांत बाळांवर लक्ष ठेवणारे कॅमेरेही होते. त्यांचे मूळ पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने अशाच सुमारे ६० ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने केलेल्या हल्ल्यामुळे ट्विटरसारख्या मोठ्या वेबसाइट काही तास अनेकांना उघडता आल्या नाहीत. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये सर्वांना सारखाच सोपा पासवर्ड देऊन अशी उपकरणं विकायला कायद्याने बंदी आहे. भारत सरकारनेही २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या.

एवढं नक्की करा

• कॅमेरा, रेकॉर्डर आणि राउटर तिन्हींचे पासवर्ड बदला. कारागीर गेल्यानंतर बदला, त्याच्यासमोर नको.

• पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद ठेवा. बाहेरून पाहायचं असेल, तर कंपनीचं अ‍ॅप किंवा व्हीपीएन वापरा. अ‍ॅपमध्ये दुहेरी पडताळणीची सोय असेल, तर ती सुरू करा.

• कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करा.

• कॅमेरा दाराकडे, जिन्याकडे वळवा, झोपण्याच्या खोलीकडे नको. घरातल्या स्त्रिया, वृद्ध, कामाला येणाऱ्या बाई या सर्वांना तो कुठे आहे ते सांगा.

नवा वॉचमन ठेवताना आपण त्याची चौकशी करतो, त्याला घराच्या सगळ्या किल्ल्या देत नाही. कॅमेरा हाही वॉचमनच आहे. फरक एवढाच की तो जे पाहतो ते दुसऱ्यांनाही दाखवू शकतो. म्हणून ते कोण पाहणार, हे घरच्यांनीच ठरवायला हवं.