पूर ओसरला, पण गुरांना गोठ्यात न्यायची घाई नको

2019 चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. पंचगंगेने कोल्हापूरला वेढा घातला आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. शिरोळ तालुक्यातल्या गावांतून माणसे निघाली, तशीच गुरेही. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच.

अशा वेळी दुभती म्हैस आठवडाभर उघड्यावर, परक्या जागी उभी असते. वैरण अपुरी, दूध आटलेले. पाणी उतरताच घरच्या बाईच्या मनात एकच विचार येतो, ‘बिचारीला आधी तिच्या दावणीला नेऊन बांधू.’ ही माया खरी. पण नेमक्या याच घाईने पुरातून वाचलेले जनावर नंतर हातचे जाते.

कारण पूर नुसते पाणी आणत नाही. शौचालयांची घाण, मेलेल्या प्राण्यांचे अवशेष आणि उंदरांचे मूत्र तो गोठ्यात आणून सोडतो. फऱ्या आणि काळपुळीचे जंतू तर जमिनीत वर्षानुवर्षे दडून राहतात. ओल्या, कोंदट जागेत घटसर्प, कासदाह आणि खुरांचे विकार बळावतात.

आत जाण्यापूर्वी

प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करा. वायरमनने तपासल्याशिवाय कडबाकुट्टी यंत्र किंवा मोटर सुरू करू नका. भिंत खचली आहे का, ते बाहेरूनच पाहा. आत शिरताना काठी आपटत जा. अडगळीत साप आसरा घेतात. पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे हवेतच. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार माणसाला कातडीवरच्या लहानशा जखमेतूनही होतो. सफाईनंतर ताप आला, अंग दुखू लागले, तर डॉक्टरांना पुरात काम केल्याचे आवर्जून सांगा. जखम झाली असल्यास धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

मेलेले जनावर दिसले तर ते ओढू नका, कापू तर मुळीच नका. ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. त्याला विहिरीपासून, ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावे लागते.

आधी सफाई, मग औषध

इथेच बहुतेकांची चूक होते. चिखलावरच ब्लीचिंग पावडर पसरली जाते. शेण आणि गाळ तिची शक्ती खाऊन टाकतात. पैसे वाया जातात आणि जंतू तसेच राहतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

1. गाळ ओला असतानाच फावड्याने काढा. वाळला की तो दगडासारखा होतो.

2. छत, भिंती, गव्हाण आणि शेवटी जमीन, असे वरून खाली साबणाच्या पाण्याने, खराट्याने घासून धुवा. गटार मोकळे करा.

3. जमीन मातीची असेल तर वरचा तीन-चार इंचांचा थर खरवडून दूर टाका. नवा मुरूम घालून चोपा.

4. मग जंतुनाशक. एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घेऊन सगळीकडे शिंपडा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. गव्हाण व पाण्याचे हौद नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड किंवा फिनाईल कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होऊ शकतो.

5. दारे-खिडक्या उघडून गोठा खडखडीत वाळू द्या. शेवटी भिंतींना चुना द्या. चुनकळी भिजवताना डोळे आणि मुले सांभाळा.

दावी, घमेली, चरव्या विसरू नका. लोखंडी वस्तू उकळत्या पाण्याने धुवून उन्हात ठेवा. कुजकी दोरखंडे जाळून टाका.

वैरण आणि पाणी

पुरात भिजलेला कडबा, पेंड, भुसा वाळवून घालण्याचा मोह होतो. पण बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही, ते पोटात जाऊन पुढे दुधातही उतरते. काळजावर दगड ठेवून ती वैरण टाकाच. विहिरीचे पाणी उपसून काढा. नव्याने आलेले पाणी स्वच्छ दिसू लागले, की दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका. तासभर थांबून मगच पाणी वापरा.

गुरे आणण्यापूर्वी पशुवैद्यांकडून त्यांची तपासणी करून घ्या. लसींचे वेळापत्रक विचारा. घटसर्प आणि फऱ्याची लस खरे तर पावसाळ्यापूर्वीच टोचायची असते. परतल्यानंतर आठवडाभर ताप, चारा सोडणे, लंगडणे, गळ्याला किंवा मांडीला सूज यांवर लक्ष ठेवा. एखादे जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून रक्त आले, तर त्याला हात न लावता दवाखाना गाठा.

ब्रह्मपुत्रेकाठी असो वा कृष्णेकाठी, गोठा म्हणजे शेतकऱ्याच्या घरची रोजची मिळकत. मुलांची फी, किराणा, औषधपाणी, सारे त्या कासेवर चालते. म्हैस आणखी चार दिवस बाहेर, उंच कोरड्या जागी, ताडपत्रीखाली राहिली तर दूध थोडे कमी येईल. पण कोरड्या, स्वच्छ गोठ्यात परतलेली म्हैस पुन्हा भरल्या कासेने उभी राहील. हे चार दिवस तिला द्यायलाच हवेत.