भिंतीवरचा गवा

पेंढा भरलेले गव्याचे डोके भिंतीवर टांगताना खरी अडचण नुसत्या वजनाची नसते. ते वजन भिंतीपासून किती पुढे आलेले आहे, याची असते. तसबीर भिंतीलगत राहते, तिचा खिळा जवळजवळ सरळ खालीच ओढला जातो. गव्याच्या डोक्याचे तसे नाही. त्याच्या मागची लाकडी फळी खालच्या कडेने भिंत दाबते आणि वरचा हूक बाहेर उपसू पाहते. समजा, डोके १२ किलोचे आहे, गुरुत्वमध्य भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे आणि हूक फळीच्या खालच्या कडेपासून ४० सेंटिमीटर वर आहे. मग हुकावर बाहेरच्या दिशेने ९ किलोची ओढ पडते. खालच्या दिशेचे १२ किलो वेगळेच. फळी उंच घेतली की ही ओढ घटते.

गिलाव्यात ठोकलेल्या खिळ्याच्या भरवशावर एवढा भार सोडू नये. हॅमर ड्रिलने गिलावा ओलांडून थेट विटेत भोक पाडायचे, आतली भुकटी काढायची (ती राहिली तर प्लग नीट पकडत नाही) आणि प्लग बसवून त्यात जाड स्क्रू पिळायचा. जुन्या चुन्याच्या सांध्यात ड्रिल भसकन आत गेले, तर जागा बदललेली बरी.

जुना नग हाताळताना हातमोजे हवेत, कारण कातड्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी आर्सेनिक सर्रास वापरत. उचलताना फळी धरावी, कान कधीच नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा नग बाळगायला मालकीचा दाखला लागतो. तो नसेल तर ड्रिल काढण्याचीही घाई नको.