जुन्या फोनोची पेटी कशी पुसावी?

मंडळी, राजमाचीच्या पायथ्याची कोंडाण्याची लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तिथल्या कारागिरांनी लाकडी घराची घडण दगडात कोरली आणि ती दोन हजार वर्षे टिकली. आपल्या माळ्यावरचा चावीचा फोनो मात्र खऱ्या लाकडाचा. तो बिघडतो तो बहुधा आपल्याच हातांनी, आणि तेही साफ करायला गेल्यावर!

पेटी काळी का पडते? चुलीचा धूर, उदबत्तीची काजळी, हाताचे तेल, वर आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस. मळ हा असा थराथराने बसतो. त्याखाली पॉलिश असते आणि पॉलिशखाली लाकूड. आपल्याला काढायचा आहे तो फक्त मळ.

जुन्या पेट्यांना पुष्कळदा लाखेचे पॉलिश असे. पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. त्यांच्यापासून लाख मिळते. ती शुद्ध करून चपडा होतो आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार. मग त्याच स्पिरिटने पेटी पुसली तर काय होणार? मळाबरोबर पॉलिशही फडक्यावर येणार. धुण्याचा सोडाही लाख खातो. राखेने तर वर ओरखडेही पडतात.

गुरुजींनी हे मुलांना जरूर दाखवावे. थोडा चपडा एका बाटलीत पाण्यात आणि दुसऱ्या बाटलीत स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवावा. पाण्यातला तसाच राहील, स्पिरिटमधला विरघळेल. स्पिरिट विषारी आहे व चटकन पेट घेते, तेव्हा हे काम गुरुजींनी स्वतःच करावे.

आता पुसायचे कसे? आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाका. जुने सुती फडके त्यात बुडवून घट्ट पिळा. पहिल्यांदा पेटीच्या मागे, खालच्या कोपऱ्यात पुसून पाहा. फडक्यावर नुसता काळा मळ आला तर ठीक. लाकडाचा रंग उतरू लागला किंवा जागा चिकट झाली तर तिथेच थांबा. एका वेळी वीतभरच जागा पुसा, साध्या ओल्या फडक्याने साबण काढा आणि लगेच कोरडी करा. पाणी सांध्यांत जाऊ देऊ नका, कारण जुने सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस पाण्याने सुटतो. पाणी साचून राहिले तर लाखेवर पांढरे डागही पडतात. चिकट काजळी उरली तर थोडे टर्पेंटाइन चालेल, पण आधी तोच कोपरा पाहावा. खिडकी उघडी आणि चूल विझलेली हवी. थिनर मात्र नको.

झाकणाखाली कुत्रा आणि कर्ण्याचे चित्र असले तर त्याला ओले फडके लावू नका. ते चित्र नाजूक असते. एकदा पुसले गेले की गेलेच.

शेवटी मधमाशीच्या मेणाचे पातळ पॉलिश पुरे. खोबरेल लावू नका. दिवसभर चमक दिसते, पण मग धूळ चिकटते. पेटी उन्हातही वाळवू नका.

आणि हो, जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही हीच लाख असते. पेटी वाचवलीत आणि तबकड्या स्पिरिटने पुसल्यात, तर आजोबांच्या वेळचे गाणे ऐकणार कशावर?