डिग्री हाती आली, हात तयार झाला काय?

आमच्या वस्तीतली एक पोरगी दाताची डॉक्टर झाली. बाप गवंडीकाम करणारा. बुद्धविहारात तिचा सत्कार झाला, भाषणे झाली. त्याच आठवड्यात शेजारची मावशी सुजलेला गाल धरून तिच्या दारात आली. अक्कलदाढ. पोरीने तोंड तपासले आणि म्हणाली, "मावशी, ही दाढ आडवी दिसते. माझ्याच्यानं नाही जमायची. मोठ्या दवाखान्यात जाऊ." झाले! कुजबुज सुरू झाली, राखीव जागेवरची डॉक्टर अशीच असायची. दुःख याचे की, बोलणारे आपलेच होते.

आमच्या मते पोरीने योग्य तेच केले. एक्स-रे न बघता, साखर-रक्तदाब न विचारता पक्कड हातात घेणारा डॉक्टर जास्त घातक. पण सवाल उरतोच. चार वर्षे अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, आणि तरीही हात का कापावा?

कारण कॉलेजात आहे. पहिली दोन वर्षे प्लास्टर, मेण आणि उपटलेल्या दातांवर जातात. खरा पेशंट तिसऱ्या वर्षी. तिथे कोटा असतो: इतक्या कवळ्या, इतके दात काढले, इतके भरले. कोटा भरला की सही. रूट कॅनाल शिकायचे ते बहुधा समोरच्या एकमुळी दातावर. लोक येतात ते दाढ घेऊन, तिच्यात तीन-चार नळ्या, आणि ती दाढ एमडीएसवाल्यांकडे जाते. शासकीय कॉलेजात निदान पेशंटची रांग तरी असते. देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये, त्यातली बहुतेक खासगी. कित्येक ठिकाणी खुर्च्याच रिकाम्या. इंटर्नशिपचे वर्ष अनेकजण नीट-एमडीएसची पुस्तके वाचण्यात घालवतात. त्यांना तरी दोष कसा द्यावा?

ज्याच्या बापाचा दवाखाना आहे, त्याचे खरे शिक्षण सुटीत होते. तो बापाशेजारी उभा राहून दाढ उघडायला शिकतो, पेशंटशी पैशाचे बोलायला शिकतो. आमच्या पोरांनी कुठे उभे राहायचे? दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, त्यांच्या परवानग्या, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था आणि वर जागेचे डिपॉझिट. यातले किती वर्गात शिकवतात? मग दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर दात साफ करीत बसावे लागते.

एक गोष्ट मात्र ही पोरे पहिल्या दिवसापासून करू शकतात. विदर्भात खर्ऱ्याने तरुणांची तोंडे उघडेनाशी झाली आहेत. तोंडात तीन बोटे मावत नाहीत, गालात पांढरा चट्टा दिसतो, हे ओळखायला आरसा आणि उजेड पुरतो. वेळीच ओळखले तर कॅन्सर टळू शकतो. त्यासाठी आपल्या वस्त्यांत त्यांना बसवणार कोण?

२०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात पदवीनंतरच्या 'एक्झिट' परीक्षेची तरतूद आहे. ती नुसती पर्यायांवर खुणा करण्याची झाली, तर हाताची परीक्षा राहूनच जाईल. आपल्यातले जे दंतवैद्य स्थिरस्थावर झाले आहेत, त्यांनी वर्षाला एक नवा डॉक्टर पगार देऊन शेजारी उभा करावा, त्याच्या हातून दाढ करून घ्यावी. एवढे तरी सरकारची वाट न बघता होऊ शकते.

मावशीची दाढ शेवटी शासकीय दंत महाविद्यालयात निघाली. पोरगी सोबत गेली होती, सरांना विचारून शेवटपर्यंत बाजूला उभी राहिली.