वऱ्हाडी पाय आणि परदेशी बूट

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक जर्मनीत गेले आणि कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. हे सगळे अनवाणी पायांचे खेळ. आज तीच कबड्डी मॅटवर गेली आहे आणि मॅटवर उतरायचे तर बूट लागतात. अकोल्यात मुष्टियुद्धाचा सराव करणाऱ्या मुलांना घोट्याच्या वर बांधायचे बूट लागतात. दोन्ही शहरांत चाकांवर धावणारी लहान मुले आहेत, त्यांना स्केट लागतात. खेळ बदलले, जमीन बदलली. पाय मात्र वऱ्हाडातलाच राहिला: लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वाढलेला, बोटांकडे पसरलेला, टाचेकडे अरुंद.

असा पाय दुकानात गेला की अडचण सुरू होते. लांबीला बरोबर असलेला बूट पंजाला आवळतो. पंजाला सैल असलेला एक नंबर मोठा घेतला, तर टाच आत उचलली जाते. दुकानदार म्हणतो, ‘वापरून सैल होईल.’ आईवडील म्हणतात, ‘वाढत्या अंगाचं पोर आहे, मोठाच द्या.’ आणि मूल समजते, आपलाच पाय वाकडा आहे.

पाय वाकडा नसतो. तो ज्या साच्यावर बूट बेतला त्या साच्यासारखा नसतो, एवढेच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा साधारणपणे रुंद असतो, असे त्यातून दिसले. आपण मात्र वर्षानुवर्षे इंग्रजी मापाचे नंबर वापरत आलो. या पाहणीवरून ‘भा’ नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधराव्या-सोळाव्या वर्षी सर्वांत जोरात असते, हेही त्याच पाहणीत आढळले. म्हणजे शाळेच्या संघात निवड होते, नेमके त्याच वयात बूट सर्वांत लवकर लहान होतात.

अनवाणी वाढलेल्या पायाची लाज वाटण्याचेही कारण नाही. राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी भारतातल्या २,३०० मुलांचे पाय तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडला होता. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त निघाले.

बूट आणि पाय यांचा हा झगडा सर्वांत कठोर होतो तो आइस हॉकीत. वऱ्हाडच्या उन्हात बर्फाचे मैदान कुठून येणार! पण या खेळाने मापाचे जे शास्त्र उभे केले, ते चाकांच्या स्केटलाही लागू पडते. आपल्या देशात हा खेळ लडाखमध्ये रुजला. तिथे सुरुवातीला लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून लोक बर्फावर उतरले. भारतीय महिला संघाच्या मुलीही सुरुवातीच्या काळात मागून आणलेल्या साहित्यावर खेळल्या. २०१६ मध्ये हा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये अल ऐन इथल्या महिला आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवले. दुसऱ्याच्या मापाच्या बुटात घसरणे शिकून इथवर येणे, ही जिद्द मोठीच. पण प्रत्येक मुलीने ती किंमत का मोजावी?

आइस हॉकीचा स्केट साधारणपणे रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान घेतात. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की पाय मागे सरून बोटे सुटावीत. टाच जागची हलता कामा नये. पायाच्या वरच्या भागाची उंची तपासायची एक सोपी युक्ती आहे. पाय बुटात घालून, नाडी न बांधता, जीभ पुढे ओढायची आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवायची. पेन्सिल पायाला अडली, तर तो बूट त्या पायासाठी उथळ आहे. नाडी आवळली की वरची शीर दुखणार आणि पाय बधिर होणार. मोठ्या कंपन्या आता एकाच लांबीचा बूट अरुंद, मध्यम आणि रुंद अशा तीन घडणींत बनवतात. काही बूट दुकानातल्या भट्टीत ठरावीक तापमानाला काही मिनिटे तापवून पायावरच बसवले जातात. जिथे हाड टोचते, तेवढीच जागा यंत्राने बाहेर फुगवताही येते.

आपल्याकडे मुलांना बहुधा स्क्रूने लांबी कमीजास्त करता येणारे स्केट घेऊन देतात. पैसे वाचतात, हे खरे. पण त्यात वाढते ती फक्त लांबी. पंजा रुंद असेल तर तिसऱ्या वर्षीही तो तितकाच आवळलेला राहतो.

पोटऱ्यांचेही तसेच. आइस हॉकीचे नडगीरक्षक गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून बुटाच्या वरच्या काठापर्यंत इंचात मोजून घेतात. पाय आखूड आणि पोटरी भरलेली असेल, तर पालक मोठे माप घेतात. मग वाटीसाठी केलेला खोलगट भाग गुडघ्याच्या वर सरकतो आणि पडल्यावर मार नेमका उघड्या हाडाला बसतो. लांबीचे माप कायम ठेवून पट्टे वाढवून घेणे हाच इथे योग्य उपाय.

माप जुळले नाही तर काय होते, हे स्वप्ना बर्मनने देशाला दाखवले. पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडीच्या या मुलीच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. बाजारातले अरुंद बूट घालून, वेदना सोसत तिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये ६,०२६ गुणांसह सुवर्णपदक जिंकले. जिंकल्यावर तिने मागितले ते पायाला बसणारे बूट. त्यानंतर आदिदासने जर्मनीतल्या आपल्या प्रयोगशाळेत तिच्या पायांची मापे घेऊन बूट बनवून दिले. सुवर्णपदकाआधी ते कुणाला सुचले नव्हते, ही गोष्ट मनाला लागते.

प्रत्येकाला जर्मनी गाठायची गरज नाही. फाटलेल्या बुटाला टाका घालणारा, साचा घालून चामडे ताणणारा कारागीर अमरावती-अकोल्यात आजही आहे. चामड्याचा बूट पंजापाशी थोडा सैल करणे त्याला जमते. कडक प्लास्टिकचा स्केट मात्र त्याच्याकडे नेऊ नये, तो तडकतो. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि वैशाखात तर जास्तच. खेळताना घालायचे तेच मोजे सोबत न्यावेत. दोन पायांत फरक असतोच, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे आणि लहान पायाच्या बुटात जास्तीचा सुखतळा घालावा. मधुमेह असलेल्या मोठ्या खेळाडूंनी पायाला बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण बूट चावलेला त्यांना कळत नाही.

वऱ्हाडातल्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि क्लबच्या प्रशिक्षकांना एक विनंती आहे. हंगाम सुरू होताना उंची-वजन नोंदवता, त्याच वहीत दोन रकाने वाढवा: पायाची लांबी आणि पंजाची रुंदी. मुलाला कोऱ्या कागदावर उभे करून पेन्सिलने पायाची कड आखायची आणि पट्टीने मोजायचे, एवढेच काम आहे. दर तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा करा आणि तो कागद पालकांच्या हाती देऊन मगच त्यांना दुकानात पाठवा.