सिलिंडर विकणारा आणि सल्ला देणारा

महाराष्ट्रात दर जानेवारीत आणि दर जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याच्या कार्यालयात एक कागद पोहोचावा लागतो. इमारतीत बसवलेली आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत आहे, असे परवानाधारक एजन्सीने दिलेले ते प्रमाणपत्र असते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ते सादर करण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. बोलण्यात सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. तरतूद चांगलीच आहे. अडचण आहे ती सही कोणाची असते यात. ज्या एजन्सीने सिलिंडर विकले, पाइप टाकले, देखभालीचे वार्षिक कंत्राट घेतले, तीच पुष्कळदा हे प्रमाणपत्रही देते. प्रत्यक्ष देखभाल न होता प्रमाणपत्र देऊ नये असे कायदा एजन्सीला बजावतो, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या एजन्सीही आहेत. तरीही औषधाच्या दुकानदारानेच नाडी पाहून चिठ्ठी लिहावी, तसला हा मामला आहे. म्हणून कामाच्या जागेला या एजन्सीखेरीज आणखी एक माणूस हवा, ज्याची कमाई उपकरणांच्या विक्रीवर अवलंबून नाही असा अग्निसुरक्षा सल्लागार. आणि त्याला नेमायचे ते सिलिंडर मोजायला नव्हे, त्या जागेत रोजचे काम कसे चालते ते पाहायला.

गेल्या काही वर्षांतल्या आगी या नजरेने पाहाव्यात. पुण्याजवळच्या उरुळी देवाची इथे ९ मे २०१९ च्या पहाटे कापडाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले ५ कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होते. मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर १८ डिसेंबर २०१७ ला फरसाणाच्या गाळ्यात १२ जण गेले, तेही पहाटे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ३१ डिसेंबर २०२३ ला हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात ६ कामगार गेले. तेही रात्री आतच मुक्कामाला होते. साकीनाक्यानंतर अकराच दिवसांनी लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरची उपाहारगृहे पेटली आणि १४ जणांचा बळी गेला. वर झटकन पेट घेणारी आच्छादने होती, आणि बाहेरची वाट न सापडलेली माणसे स्वच्छतागृहात शिरून तिथेच गुदमरली. कोलकात्यात ढाकुरियाच्या रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ ला आग लागली ती तळघरात. वाहने लावण्यासाठी मंजूर झालेल्या त्या तळघराचे कोठार झाले होते. ज्वाळा वरच्या मजल्यांपर्यंत गेल्याच नाहीत म्हटले तरी चालेल. वातानुकूलनाच्या मार्गाने धूर गेला आणि नव्वदच्या आसपास माणसे, त्यांत बहुतेक रुग्ण, गुदमरून गेली.

या घटना एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. गाव वेगळे, धंदा वेगळा, आग लागण्याचे कारण वेगळे. पण माणसे मेली त्यामागचे कारण पाहिले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जागा कागदावर एक होती आणि वापरात दुसरीच होती. दुकानाचे रात्री झोपण्याचे घर झाले होते, गच्चीचे उपाहारगृह, तळघराचे कोठार. बाहेरून कुलूप लावलेल्या दाराआड सिलिंडर कितीही टांगले असते, तरी त्या ५ जणांना बाहेर पडता आले असते असे मला वाटत नाही. देखभालीचे प्रमाणपत्र हे पाहतच नाही. त्याचा प्रश्न एवढाच असतो की बसवलेली वस्तू चालते का. आज त्या वस्तूच्या आसपास काय साठवले आहे, किती माणसे बसतात, रात्री कोण असते, किल्ली कोणाकडे असते, हे त्याच्या कक्षेत येत नाही. खुद्द राज्याच्या मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागून ५ जण दगावले, तेव्हा कायदा अमलात येऊन काही वर्षे लोटली होती. नियम जिथे तयार होतात त्या इमारतीलाही नियमांनी आपोआप वाचवले नाही.

सल्लागार नेमका काय पाहतो, हे एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यातल्या फेरीवरून समजेल. तो पहिल्यांदा पंपघरात जातो. तिथे हायड्रंटचा मोठा पंप नवा कोरा दिसतो, पण पॅनेलवरची कळ ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवलेली असते. कारण विचारले की समजते, पाइपात कुठे तरी गळती आहे, दाब उतरतो, पंप रात्री-बेरात्री आपोआप सुरू होतो, वॉचमन वैतागला आणि कोणीतरी कळ फिरवून टाकली. म्हणजे आग लागली तर पंप सुरू करायला माणूस धावत पंपघरापर्यंत यायला हवा. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते. पुढे सिलिंडर पाहताना तो केवळ काटा हिरव्या पट्ट्यात आहे का एवढेच पाहत नाही. पिन गंजली आहे का, नळीला भेगा गेल्या आहेत का, आतली पावडर बसून घट्ट झाली आहे का, तेही पाहतो. मग तो विजेच्या केबल वर नेणाऱ्या शाफ्टचे दार उघडतो आणि आत रिकामी खोकी, जुन्या फायली आणि झाडू सापडतात. जिन्याचे अग्निरोधक दार वाऱ्यासाठी उघडे ठेवायला कोणीतरी खाली सिलिंडरच टेकवलेला असतो. यांतली एकही चूक यंत्राची नाही. सगळ्या सोयीसाठी केलेल्या आहेत, आणि ज्यांनी केल्या त्यांना त्यात काही वावगे वाटलेले नसते.

कचेरीतही हेच घडते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीने कचेरीत बाहेर पडण्याच्या मार्गापर्यंतचे चालण्याचे अंतर साधारणपणे ३० मीटरपर्यंत धरले आहे. नकाशावर मजला मोकळा असतो. नंतर टेबले येतात, काचेच्या खोल्या येतात, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारी दारे येतात, आणि तेच अंतर वळणे घेत बरेच लांबते. वीज गेल्यावर कार्डाचे दार उघडे राहते की बंद होते, हा प्रश्न बहुतेक व्यवस्थापकांनी कधी विचारलेलाच नसतो.

अशी नजर असलेला माणूस शोधायचा कुठे? नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि मुंबईतली राज्याची अग्निशमन अकादमी इथे शिकलेले, दलात काम केलेले बरेच लोक निवृत्तीनंतर सल्ल्याचे काम करतात. पण दलातली नोकरी हाच एकमेव निकष धरू नये. आग विझवण्याचे कसब आणि लागण्याआधी ती कुठे लागेल हे ओळखण्याचे कसब एकच नव्हे. रसायनांच्या कारखान्याला त्या प्रक्रिया समजणारा माणूस हवा, रुग्णालयाला अंथरुणाला खिळलेले रुग्ण हलवण्याचा विचार केलेला हवा. त्याने आधी लिहिलेला एखादा अहवाल, नावे झाकून का होईना, मागून वाचावा. अहवालात नुसती खरेदीची यादी असेल तर समजावे की हाही विक्रेताच आहे. मानधन ठरावीक असावे, कोणत्याही एजन्सीकडून कमिशन घेणार नाही असे नेमणूकपत्रात लिहून घ्यावे, आणि न कळवता, रात्रपाळीतसुद्धा, आत येण्याची मुभा त्याला द्यावी. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काही कामे थांबवण्याचा अधिकार. वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात तेव्हा खाली काय आहे हे पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि संपल्यावरही तासभर तिथे कोणीतरी थांबावे, असे सांगणाऱ्याचे म्हणणे फोरमनला ऐकावेच लागेल अशी सोय नसेल, तर ती नेमणूक शोभेची.

यावर पहिला आक्षेप असा की अग्निशमन दल आहे, विमा आहे, मग आणखी खर्च कशाला. दलाला तपासणीचा अधिकार आहे हे खरे. पण दल वर्षातून एखाद्या दिवशी येऊ शकते आणि खोकी रोज रचली जातात. विम्याचे म्हणाल तर तो मालाचे पैसे देतो, आणि तेही अटींवर. आगीच्या प्रचलित पॉलिसीत अशी अट असते की जागेचा वापर किंवा धंदा धोका वाढेल अशा रीतीने बदलला आणि विमा कंपनीची संमती घेतली नाही, तर संरक्षण संपते. तळघराचे कोठार करणाऱ्याला ही अट दावा दाखल केल्यावर आठवते. तो बदल वेळेवर नोंदवणारा माणूस पदरी असणे हे शुद्ध व्यापारी हिशेबानेही स्वस्तच पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सल्लागार नेमला की मालक हात झटकून मोकळा होईल, ‘साहेबांनी सांगितले नव्हते’ म्हणेल, आणि सल्लागारही पैसे देणाऱ्याच्या मर्जीतला निघेल. ही भीती खरी आहे. तिला उत्तर नेमणुकीच्या रचनेतच शोधावे लागते. ब्रिटनच्या २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशात जबाबदार व्यक्ती आणि तिला साहाय्य करणारी सक्षम व्यक्ती अशी स्पष्ट फोड आहे. साहाय्य घेतले म्हणून जबाबदारी सरकत नाही. शिवाय, असा सक्षम माणूस नोकरीत असेल तर बाहेरच्यापेक्षा त्याला पसंती द्यावी, असेही तिथे म्हटले आहे. ही दुसरी गोष्ट मला विशेष पटते. बाहेरचा सल्लागार तीन महिन्यांतून एकदा येणार; पंपाची कळ कोणी फिरवली हे दुसऱ्या दिवशी पाहणारा आतलाच कोणीतरी हवा. तेव्हा सल्लागाराने आपल्या हाताखाली कारखान्यातले दोघे-तिघे तयार करावेत, आणि त्याच्या अहवालाची प्रत भागीदारांबरोबर कामगारांच्या प्रतिनिधींनाही मिळावी. मागच्या वेळची जी सूचना पाळली गेली नाही, ती पुढच्या अहवालात तारखेसह पुन्हा वर यावी. असा कागद असताना मर्जी सांभाळणे सल्लागाराला अवघड जाते आणि अज्ञानाचे सोंग घेणे मालकाला.

तिसरा आक्षेप छोट्या उद्योजकाचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती हजार कामगारांपासून पुढे केली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती सर्वसाधारण कारखान्यांसाठी पाचशेवर आणि धोकादायक प्रक्रियांसाठी अडीचशेवर आणली. वीस माणसांचा गाळा या दोन्ही आकड्यांच्या कितीतरी खाली राहतो, आणि वर सांगितलेल्या आगींपैकी बऱ्याच अशा छोट्या जागांतल्याच आहेत. एकट्या गाळेवाल्याला सल्लागार परवडणार नाही हे मान्यच. पण औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांची सोसायटी असते, उद्योजकांची संघटना असते. वॉचमन, पाण्याची टाकी, रस्त्यावरचे दिवे यांचा खर्च वाटून घेणाऱ्यांना एका सल्लागाराचे मानधन वाटून घेणे जड नाही. उलट एका गाळ्याची आग शेजारच्या भिंतीपाशी थांबत नसल्यामुळे ही नेमणूक सामायिकच असणे अधिक शहाणपणाचे. बंबाला आत वळायला जागा आहे का, हे तर एकट्या गाळेवाल्याच्या हातात नसतेच.

मात्र छोट्या जागेतला सर्वांत कठीण मुद्दा मुक्कामाचा आहे, आणि बहुतेक अहवाल तो गाळतात. कामगार आत झोपतात हे नियमबाह्य आहे; ते लिहिले तर मालक अडचणीत येतो, म्हणून लिहायचे नाही असा अलिखित समझोता असतो. परगावचा मजूर भाडे भरू शकत नाही, मालकालाही रात्री आयती राखण मिळते. सल्लागार घरभाड्याचा प्रश्न सोडवू शकत नाही, पण जे दिसले ते लिहू शकतो. दुसरीकडे सोय होईपर्यंत काय करावे हेही त्याने सांगावे: बाहेरून कुलूप लावणे कायमचे बंद, आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी, शटरखेरीज दुसरी वाट, माणसे झोपतात तिथे धुराची सूचना देणारा बॅटरीवरचा अलार्म, पोटमाळ्यावर झोपायला मनाई आणि रात्री तिथे चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या व गॅसची शेगडी बाहेर. या सगळ्याचा खर्च एका मोठ्या सिलिंडरसंचापेक्षा फारसा अधिक नाही. मालकाने यातले काही नाकारले तर तो नकार सल्लागाराने तारखेसह अहवालात नोंदवावा, आणि अहवाल सोसायटीच्या पुढच्या बैठकीत सगळ्या गाळेधारकांसमोर वाचला जावा.