सावित्रीकाठच्या मनोलीचं गोत

भादवा सरत आला आणि भातात दूध भरलं, की महाडजवळच्या दासगावच्या खाडीलगतच्या शेतांवर मनोल्यांचे थवे उतरू लागतात. हा पक्षी चिमणीहून लहान, वजनाने जेमतेम बारा-चौदा ग्रॅमचा. लोंबीवर बसला तरी ताट फारसं वाकत नाही. एक दाणा तोडायचा, चोचीत आडवा धरायचा, जिभेने फिरवत चोचीच्या कडांनी तूस उसवायचं आणि आतला गर गिळायचा. सोललेलं तूस क्षणभर चोचीला चिकटून राहतं, मग गळून पडतं. तोवर दुसरा दाणा चोचीत आलेला असतो. शेतकरी डबे बडवतो, बुजगावणं उभारतो. थवा भुर्रकन उठतो आणि एक वळसा घेऊन पलीकडच्या खाचरात बसतो. कापणी झाली की हेच थवे बांधावरच्या गवताच्या बियांवर गुजराण करतात.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात हे गोत मोठं आहे. भातशेतीत ठिपकेवाली मनोली, झाडोऱ्याच्या आणि बांबूच्या बेटांच्या कडेला पांढऱ्या पाठीची, उघड्या माळावर चंदेरी चोचीची आणि ओलसर गवताळ जागी लाल मनोली. बाजारात यांनाच मुनिया म्हणतात. पक्ष्यांच्या दुकानात ‘फिंच’ म्हणून जे जे मिळतं, म्हणजे झेब्रा फिंच, बेंगालीज, जावा, गोल्डियन, ते सगळं याच कुळातलं. परदेशी म्हणून हौसेने घरी आणलेल्या पक्ष्याचं सख्खं चुलत घराणं आपल्याच बांधावर नांदत असतं. पिंजरा विकत घेण्याआधी या घराण्याची ओळख करून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

मनोल्यांना पिंजऱ्यात घालण्याची हौस जुनी आहे. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीत आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने माहीत असतो. हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर वकिलीला आला होता, त्याची हकीकत फ्रायरच्या ग्रंथात आहे. त्याच ग्रंथात अहमदाबादेहून सुरतेला येणाऱ्या, अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेल्या चिमुकल्या पक्ष्यांचीही नोंद सापडते. एका पिंजऱ्यात पन्नास पक्षी ठेवले की त्यांचं गाणं सुरेल होतं, असं तो सांगतो. ती आपली लाल मनोली. पुढे हे पक्षी जहाजांतून युरोपात गेले आणि १७५८ साली लिनियसने त्यांना शास्त्रीय नाव दिलं. त्या नावात, ‘अमंदावा’मध्ये, अहमदाबाद आजही ऐकू येतं.

दासगावही या काळाच्या वाटेवरचंच. १७५६ साली पेशव्यांशी झालेल्या तहात बाणकोट इंग्रजांकडे गेलं आणि त्यासोबत दासगावही. १७७१ साली ईस्ट इंडिया कंपनीचा एक तरुण नोकर, जेम्स फोर्ब्ज, प्रकृती सुधारावी म्हणून इकडे आला आणि जवळच्या उन्हाळ्यांच्या गरम पाण्यात नाहला. फोर्ब्ज दिसेल ते रेखाटणारा माणूस होता, मग ती फुलं असोत, पाखरं असोत की किडे. त्याच्या चित्रांचे आणि टिपणांचे चार मोठे खंड १८१३ साली लंडनला छापले गेले. त्यांत दासगाव आहे, सावित्रीची खाडी आहे.

फोर्ब्ज दासगावला येण्याच्या नऊ वर्षं आधी, १७६२ च्या सुमारास, जपानमध्ये एक गोष्ट घडली होती. क्युशू बेटावरच्या एका सरदाराने चीनमधून पांढऱ्या पाठीच्या मनोल्या मागवल्या. आपल्या बांबूच्या बेटात दिसते तीच ही जात, फक्त पूर्वेकडची पोटजात. या पक्ष्यांना गाण्यासाठी निवडून वाढवलं नव्हतं. पिल्लं नीट सांभाळणाऱ्या जोड्यांना प्राधान्य मिळत गेलं. पुढच्या शंभरेक वर्षांत पांढरे, बदामी, कबरे असे रंग निघाले आणि हा पक्षी पुरता पाळीव झाला. आज दुकानात बेंगालीज म्हणून मिळतो तो हाच. नावात बंगाल असला तरी घडण जपानची आणि मूळ रक्त मनोलीचं.

या पक्ष्यावर जपानचे शास्त्रज्ञ काझुओ ओकानोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांना दिसलं ते असं. रानातल्या मनोलीचं गाणं सरळ असतं, ठरलेले स्वर ठरलेल्या क्रमाने येतात. पाळीव बेंगालीजचा नर मात्र स्वरांचे तुकडे उलटसुलट जोडतो आणि वेगवेगळ्या वाटांनी गाणं पुढे नेतो. रानात साधेपणाला कारण असतं. शेजारी ठिपकेवाली मनोलीही राहत असेल, तर आपल्या जातीचा नर ओळखू यावा म्हणून गाणं नेमकं असावं लागतं. शिवाय लांबलचक गात बसणाऱ्या नरावर शिकाऱ्याचा डोळा जातो. पिंजऱ्यात ही दोन्ही बंधनं सुटली. एकाच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं दुसऱ्याच्या घरट्यात वाढवून पाहिली, तेव्हा रानटी पिल्लं फक्त आपल्या वाणाचं गाणं अचूक उचलत होती. पाळीव पिल्लांना दोन्ही गाणी बऱ्यापैकी येत होती. पाळीव पक्ष्यांच्या अंगात ताणाचं संप्रेरकही कमी आढळलं.

रानटी आणि पाळीव पक्ष्यातला हा फरक मला सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. अडीचशे वर्षं पिंजऱ्यातच जन्मलेला बेंगालीज आणि काल रानातून जाळ्यात धरलेली मनोली, दोन्ही दिसायला जवळपास सारखी. पण एकाची भीती ओसरलेली असते आणि दुसरीची प्रत्येक दिवशी नव्याने उभी राहते. रानातली मनोली पिंजऱ्यात आली की गजांवर धडका देते, डोक्यावरची पिसं घासवून घेते आणि अनेकदा पहिल्या काही दिवसांतच मरते. जी जगते ती शांत झाली असं आपल्याला वाटतं. खरं तर ती हरलेली असते.

भारतात हा व्यापार फार मोठा होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण मनोल्यांसारखे पक्षी पकडणं, विकणं आणि निर्यात करणं १९९०-९१ पर्यंत बऱ्याच अंशी चालू राहिलं. देशातून बाहेर जाणाऱ्या पक्ष्यांत मुनियांचा भरणा मोठा असे. बंदी आल्यावर व्यापार आडोशाला गेला. पक्षी-अभ्यासक अबरार अहमद यांनी नव्वदच्या दशकात देशभरचे पक्षीबाजार पालथे घातले. भारतातल्या सुमारे १३०० जातींपैकी जवळजवळ ४५० जाती त्यांना विक्रीच्या जाळ्यात आढळल्या. त्यांनी आणखी एक प्रकार उघड केला. साध्या मनोल्या हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात बुडवून ‘परदेशी’ म्हणून विकल्या जातात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधूनही, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईतून, वन्य पक्षी वेळोवेळी जप्त झाले आहेत. पुण्य म्हणून विकत घेऊन सोडून देण्यासाठीही मनोल्या धरल्या जातात. एक पक्षी सोडायला मिळावा म्हणून जाळ्यात किती मरतात, याचा हिशेब त्या पुण्यात धरला जात नाही.

म्हणून घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. अंगावर ओल्या बोटाने रंग उतरतो का, पिसांच्या मुळाशी रंग वेगळा दिसतो का, पक्षी माणूस जवळ येताच वेड्यासारखा धडका देतो का, हे पाहावं. बेंगालीजच घ्यायचा तर पांढरा किंवा बदामी-पांढरा कबरा घ्यावा. पूर्ण तपकिरी रंगाचा पक्षी रानातून धरलेला नाही, याची खात्री सामान्य माणसाला करता येत नाही. जावा घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जावा-बाली बेटांवरच्या रानात हा पक्षी आज संकटग्रस्त आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ यादीत तो येतो. अशा विदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी, असा नियम २०२४ मध्ये आला आहे.

झेब्रा फिंचची गोष्ट वेगळी. तो ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला. त्या देशाने १९६० च्या सुमारास आपले वन्य पक्षी बाहेर पाठवणं बंद केलं. त्यामुळे आज जगभरच्या घरांतले झेब्रा फिंच पिंजऱ्यात जन्मलेल्यांचेच वंशज आहेत. विवेकाच्या दृष्टीने मला हा सगळ्यांत निर्धोक वाटतो. नराच्या गालावर केशरी डाग, गळ्यावर बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा, कुशीला तांबूस पट्ट्यावर पांढरे ठिपके. मादी साधी राखी. पाणी पिताना पहा. चिमणी चोचीत पाणी घेऊन मान वर करते, झेब्रा फिंच चोच बुडवून कबुतरासारखा सरळ ओढून घेतो. पाण्याच्या एखाद्या थेंबावर भागवण्याची ही कोरड्या मुलखातली सवय. त्यांच्या पिल्लांवर झालेलं एक संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. हवा फार तापली की आईबाप अंड्यांजवळ एक खास आवाज काढतात आणि तो ऐकून बाहेर पडलेली पिल्लं उष्णतेला जुळवून घेत वाढतात. कवचाच्या आत असतानाच ऋतूची बातमी पोचवणारा हा पक्षी आपण टेबलावरच्या शोभेसाठी ठेवतो.

तर हा कोरड्या मुलखातला पक्षी दासगावच्या पावसात कसा राहील? रायगड जिल्ह्याची पावसाची सरासरी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, चपला बुरसतात. तेच पिंजऱ्यातल्या दाण्याचं होतं. बुरशी लागलेलं धान्य फिंचचं यकृत खाऊन टाकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. पक्षी पिसं फुगवून बसतो आणि दोन दिवसांत जातो. म्हणून पावसाळ्यात राळं, वरी, बाजरी थोडीथोडीच आणावी, उन्हं पडली की वाळवावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवावी. दुकानात कांगणी म्हणून मिळतं ते राळंच. वरकसावर वरी-नाचणी पिकवणाऱ्या घराला हे धान्य नवं नाही. शिवाय भिजवून मोड आणलेलं धान्य आणि बारीक चिरलेली हिरवी भाजी द्यावी. पिल्लं असताना उकडलेल्या अंड्याचा थोडा चुरा द्यावा, आणि उरलेला तासा-दोन तासांत काढून टाकावा.

चुना मिळण्यासाठी समुद्रफेस द्यावा. माकुळाच्या पोटातली ती पांढरी हलकी ढलपी. दुकानात विकत मिळते, हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर वाहून आलेलीही सापडते. मात्र काही दिवस गोड्या पाण्यात बदलून बदलून भिजवून, खडखडीत वाळवूनच पिंजऱ्यात अडकवावी. चुना कमी पडला की मादीच्या पोटात अंडं अडकतं, आणि अडकलेलं अंडं बहुतेक वेळा तिचा जीव घेऊन जातं.

पिंजरा उभा, घुमटाकार, देखणा घेऊ नये. फिंच चढत नाही, आडवा उडतो. एका जोडीला किमान तीन फूट लांबीचा, आयताकृती, बोटही न शिरेल इतक्या बारीक गजांचा पिंजरा हवा. पडवीत टांगला तर पावसाची झड लागते, मांजर-उंदीर पोचतात, धामण येते आणि शिक्रा गजांतून पंजा घालतो. माजघरात सकाळचं कोवळं ऊन येणारी, चुलीच्या धुरापासून लांबची भिंत बरी. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याची वाफ माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी त्यात मिनिटांत मरतात. घरटं म्हणून टांगलेल्या मडकीत काथ्या द्यायचा तर बोटभर तुकडे करून द्यावा. लांब सुंभ पायाच्या बोटांना गुंडाळतो आणि बोट सुकून गळतं.

फिंच हातावर बसत नाही, बोलत नाही, लाडात येत नाही. त्याला सोबत हवी ती त्याच्या जातीची. एकटा ठेवलेला झेब्रा दिवसभर हाका घालत राहतो. आणि जोडी ठेवली तर ती थांबत नाही. बारा-चौदा दिवस अंडी उबवणं, तीनेक आठवड्यांत पिल्लं घरट्याबाहेर, तीन महिन्यांत तीच पिल्लं वयात. वर्षातून दोन-तीन वेळाच वीण होऊ द्यावी, मग मडकी काढून घ्यावी. नाहीतर मादी झिजून मरते. वाढलेली पिल्लं कोणाकडे जाणार, हे जोडी आणण्याआधीच ठरवावं. ‘उडून जाऊ दे बिचारे’ म्हणून दार उघडणं सर्वांत वाईट. बहुतेक चार दिवसांत मरतात. जगले तर दुसराच घोळ होतो. स्पेनमध्ये पिंजऱ्यातून सुटलेल्या आपल्या लाल मनोल्यांनी नदीकाठी वस्तीच करून टाकली आहे.

दासगावाने आणि या पट्ट्याने जे सोसलं आहे, ते लक्षात ठेवूनच पुढचं लिहितो. २५ जुलै २००५ ला दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि घरंच्या घरं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्यात गेलं आणि तळियेवर डोंगर आला. अशा रात्री माणसं वाचवायची असतात, पिंजरा कोणाच्या ध्यानात येणार आणि का यावा? म्हणूनच पाळणाऱ्याने आधीच विचार करावा. एक लहान, एका हातात उचलता येईल असा प्रवासी पिंजरा दाराजवळ असावा आणि अतिवृष्टीचा इशारा आला की पक्षी आदल्या दिवशीच उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवावेत. हे जमणार नसेल तर खाडीकाठच्या सखल घरात पक्षी पाळू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळीचंही तेच. अंधारात फटाका वाजला की फिंच बिथरून उडतो, गजांवर आपटतो आणि मान मोडून घेतो. या चार रात्री पिंजरा आतल्या खोलीत न्यावा, तीन बाजूंनी जाड कापड घालावं आणि मंद दिवा चालू ठेवावा, म्हणजे घाबरलेल्याला पुन्हा दांडी सापडते.

एवढं करण्याची तयारी नसेल आणि पाखरांची सोबत मात्र हवी असेल, तर दासगावकराला पिंजऱ्याची गरजही नाही. परसात लिंबू, करवंद किंवा बोगनवेलीची दाट जाळी राखावी, कुंपणाकडेला गवत बी धरेपर्यंत कापू नये आणि उथळ थाळीत रोज ताजं पाणी ठेवावं. ठिपकेवाली मनोली पावसाळ्यात अशाच काटेरी झुडपात गवताचं चेंडूसारखं गोल घरटं बांधते, दार एका बाजूला. गणपतीच्या साफसफाईत असं घरटं दिसलं तर तेवढी फांदी राहू द्यावी. पिल्लं उडाली तरीही लगेच तोडू नये. मनोल्या जुन्या घरट्यात रात्रीच्या निवाऱ्यालाही परत येतात.